अटलांटिकच्या मध्यावर वॉटरमेकर रुसला तेव्हा

केपटाउन ते रिओ ही शिडाच्या बोटींची शर्यत पहिल्यांदा 1971 साली झाली. गोव्यात बांधलेली भारतीय नौदलाची 'म्हादेई'ही हीत उतरलेली आहे. सरळ रेषेत अंतर सुमारे 3300 सागरी मैल, पण त्या रेषेवर दक्षिण अटलांटिकचा उच्च दाबाचा पट्टा पसरलेला असतो. तिथे घुसलं की शिडं लोंबायला लागतात. म्हणून सगळे आधी वायव्येला चढतात, आग्नेयेकडून येणारा व्यापारी वारा पकडतात आणि मग पश्चिमेला वळतात. आम्हीही तेच केलं होतं. 21 अंश दक्षिण, 15 अंश पश्चिम. रिओ अजून साधारण 1600 मैल. वारा 22 ते 25 नॉट, डाव्या बाजूने मागून. स्पिनेकर, म्हणजे मागच्या वाऱ्याचं फुग्यासारखं मोठं शीड, भरलेला, लाटेवरून घसरताना वेग 11-12 नॉट. वर सगळे खूश होते.

खाली माझ्याकडे इंजिन, बॅटऱ्या आणि पाणी. शर्यतीत प्रॉपेलरच्या शाफ्टला सील असतं, त्यामुळे इंजिन फक्त न्यूट्रलमध्ये, चार्जिंगपुरतं चालवायचं. सकाळ-संध्याकाळ एकेक तास. आमचा वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा, तासाला 60 लिटर देणारा. समुद्राचं पाणी 20 आणि मग 5 मायक्रॉनच्या फिल्टरमधून जातं, उच्च दाबाचा पंप ते 55 बारने मेम्ब्रेनवर, मीठ अडवणाऱ्या पडद्यावर, ढकलतो, गोडं पाणी पलीकडे येतं आणि उरलेलं खारं परत समुद्रात.

त्या सकाळी दाबाचा काटा 55 वर ठरेना. 30, 50, 20 असा नाचत होता, पंप खडखडत होता आणि फ्लोमीटरमधला गोळा तळाला. पंपात हवा शिरल्याची ही खूण. दाब सोडून पंप लगेच बंद केला, कारण कोरडा पंप काही मिनिटांत सील खातो.

टाकीत 70 लिटर होतं. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून शर्यतीत पाणी रोजचं रोज बनवायचं आणि टाकी जवळजवळ रिकामी ठेवायची. आठ माणसं, प्यायलाच माणशी 4 लिटर. सीलबंद राखीव कॅन जिवावर बेतल्याशिवाय फोडायचे नसतात. खारं पाणी गोडं करणारा, हाताने हापसायचा छोटा डिसॅलिनेटर होता, तो तासाला जेमतेम लिटरभर देतो. म्हणजे दिवसाच्या प्यायच्या पाण्यासाठी 32 तास हापसत बसायचं! सेंट हेलेना बेट मागे सहाशे मैल, तेही वाऱ्याच्या तोंडावर. पुढचं त्रिंदादे बेट आठशे मैलांवर, आणि तिथे ब्राझीलच्या नौदलाच्या ठाण्याखेरीज काही नाही.

पहिला संशय सहज आला. वारा डावीकडून, बोट उजवीकडे कललेली आणि पाणी ओढायचं भोक नेमकं डाव्या बाजूला. मोठ्या लाटेवर ते उघडं पडतं किंवा फेसच ओढतं. स्किपर स्पिनेकर उतरवायला तयार नव्हता. त्याचंही बरोबर होतं, उतरवून परत चढवण्यात अर्धा तास आणि एखादं फाटकं शीड. मग सुकाणूवाल्याने वारा थेट मागून येईल अशी बोट वळवली. बोटीचा कल गेला, वेग 8 वर आला. अशा वेळी मोठं शीड अचानक दुसऱ्या बाजूला आपटू शकतं, म्हणून त्याच्या खालच्या आडव्या दांड्याला, बूमला, अडवणारा दोर (प्रिव्हेंटर) आधीच बांधलेला. तीन मिनिटं मिळाली. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करून हवा काढली, दाबाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून पंप चालवला. पारदर्शक नळीत बुडबुडे चालूच. बोट सरळ असूनही हवा येते, म्हणजे ती बाहेरून भोकातून येत नाही. आत कुठेतरी ओढली जातेय.

ओढणाऱ्या बाजूची गळती फसवी असते. पंप चालू असताना तिथून थेंब पडत नाही, उलट हवा आत जाते. पण आमचा पंपाआधीचा गाळणीचा डबा पाण्याच्या पातळीखाली होता, तेव्हा पंप बंद केला की तीच फट पाणी बाहेर सोडणार. सगळे सांधे फडक्याने कोरडे केले, प्रत्येकाभोवती टॉयलेट पेपरची पट्टी गुंडाळली आणि थांबलो. दहा मिनिटांनी गाळणीच्या झाकणावरचा कागद एका जागी, नखाएवढा, भिजला. झाकणाखालच्या रबरी कड्याला, ओ-रिंगला, तिथेच चीर होती.

सुट्या भागांच्या पेटीत फिल्टरच्या रिंगा होत्या, गाळणीची नव्हती. नेहमीचंच! 3 मिलिमीटरची नायट्राइल रबराची दोरी मात्र होती. खाचेत बसवून माप घेतलं, दोन्ही टोकं नव्या ब्लेडने तिरकी कापली (सरळ कापलेला जोड दाबाखाली उघडतो), सुपरग्लूचा एकच थेंब, वर सिलिकॉन ग्रीस. झाकण हाताने आवळलं, पान्याने नाही. पान्याने प्लॅस्टिक तडकतं आणि मग खरंच हापसत बसावं लागतं.

तोवर स्वयंपाकाची पंचाईत. फ्रीझ-ड्राय, म्हणजे गोठवून सुकवलेल्या, जेवणाला गोडंच पाणी लागतं, त्यात मीठ आधीच भरपूर. म्हणून भात लावला, पाच भागांत एक भाग समुद्राचं पाणी, वेगळं मीठ नाही. भांडी तर एरवीही खाऱ्यानेच घासतो.

संध्याकाळच्या चार्जिंगला पुन्हा बोट सरळ, पुन्हा हवा काढली, मग व्हॉल्व्ह हळूहळू आवळत 55 बार. काटा ठरला. पहिली दहा मिनिटं पाणी बाहेर सोडलं, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर 400 च्या खाली आल्यावरच टाकीचा कॉक फिरवला.

यावर बैठक झाली. मी टाकीत कायम 120 लिटर मागितले, स्किपरने 90 वर तोड काढली. त्यातले तीस लिटर मी जेरीकॅनमध्ये भरून वाऱ्याच्या बाजूच्या बंकखाली रचले. बोट वळवली की बाकी सामानाबरोबर तेही उचलून पलीकडे न्यायचे. वॉचवरच्या पोरांनी मला रिओपर्यंत शिव्या घातल्या.