झोळीतला स्क्रू

शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी रंगमंचव्यवस्था सांभाळण्याचे काम मी पुण्यात बरीच वर्षे करत आलो आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेने शिवराज्याभिषेकावर नाटक बसवले होते आणि ६ जून १६७४ च्या रायगडावरील सोहळ्याच्या शेवटच्या प्रवेशात, महाराज सिंहासनावर बसताच, वरून पुष्पवृष्टी व्हावी अशी चित्रकलेच्या बाईंची फार इच्छा होती.

मार्केट यार्डातून झेंडू आणू, असे काही पालकांनी सुचवले. मी त्याला नकार दिला. खऱ्या पाकळ्या ओलसर असतात, एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि पायाखाली चुरडल्या की मोजडी घातलेला मावळा हमखास घसरतो. म्हणून पतंगाच्या कागदाच्या पाकळ्या कापायच्या असे ठरले. मात्र हा कागद चटकन पेट घेतो, त्यामुळे तापणाऱ्या हॅलोजन दिव्यांपासून तो चांगला लांब राहील अशीच जागा आम्ही वरून पाकळ्या सोडणाऱ्या झोळीसाठी निवडली.

झोळीची रचना साधी असते. दोन पाइपांच्या मध्ये लांब कापड शिवायचे, कापडाच्या एकाच बाजूला बोटभर लांबीचे छेद द्यायचे आणि पाकळ्या दुसऱ्या बाजूला भरायच्या. एक पाइप पक्का बांधलेला असतो आणि दुसरा कप्पीवरच्या दोराने हळूहळू खालीवर होतो, तसतशा पाकळ्या छेदांकडे सरकून झुरुझुरु पडू लागतात. माणसे नेहमी ओझ्याचाच हिशेब करतात, पण दोर कप्पीवरून वळून खाली आला की कप्पी जिथे टांगलेली असते त्या आधारावर ओझ्याच्या जवळजवळ दुप्पट ताण येतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक पाइपाला दोराखेरीज स्वतंत्र पोलादी तारदोर बांधून तो थेट वरच्या तुळईला अडकवल्याशिवाय मी काम पुरे झाले असे मानत नाही. शिडीवर मुले चढणार नाहीत आणि वर कोणी काम करत असताना खाली कोणीही उभे राहणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो.

हे सारे नीट झाले होते. आदल्या संध्याकाळची रंगीत तालीमही उत्तम झाली, पाकळ्या सुरेख पडल्या. त्यानंतर मी दिव्यांच्या वायरिंगकडे गेलो असताना स्वयंसेवक पालकांनी आणि मुलांनी रंगमंच झाडला आणि काटकसर म्हणून त्याच पाकळ्या पुन्हा झोळीत भरल्या. त्यांनी ते चांगल्या हेतूने केले. भरताना मी तिथे हजर असायला हवे होते, ती चूक माझी.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मी रिकाम्या रंगमंचावर झोळी एकदा चालवून पाहिली. नववीतला एक मुलगा विंगेत उभा राहून पाहत होता. पाकळ्या थांबल्यावर तो म्हणाला, "काका, काहीतरी टक् असं वाजलं." मला ऐकू आले नव्हते. आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून पाकळ्या बाजूला सारल्या, तेव्हा सिंहासनाच्या पायरीजवळ दीड इंची स्क्रू सापडला आणि त्याच्या टोकाला फळीचा भुसा अजून चिकटलेला होता.

सुमारे १८ फुटांवरून सुटलेली जड वस्तू सेकंदाहून थोड्याच अधिक वेळात जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. इवल्याशा स्क्रूने डोके फुटेलच असे नाही, पण मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पुष्पवृष्टी सुरू झाली की मुले मान वर करून, डोळे विस्फारून पाहतात. आम्हीच त्यांना तसे पाहायला शिकवलेले होते.

झोळी उतरवून सगळ्या पाकळ्या आम्ही एका पांढऱ्या चादरीवर ओतल्या. जुन्या स्पीकरचे चुंबक त्यावरून फिरवले, तर चार टाचण्या, दोन सेफ्टी पिना आणि एक खिळा चिकटून आला. मुख्याध्यापिका बाईंना वाटले की आता काम झाले. पण तेवढ्याने माझे समाधान होईना, म्हणून स्वयंपाकघरातली गव्हाची मोठी चाळण मागवून पाकळ्या मुठीमुठीने चाळल्या, तेव्हा खाली दोन घुंगरू पडले. आदल्या संध्याकाळच्या कोळीनृत्यातले ते पितळी घुंगरू चुंबकाला कधीच लागले नसते.

मग मी त्या पाकळ्या वापरायच्याच नाहीत असे ठरवले. चाळून झालेल्या पाकळ्याही पोत्यात बांधून बाजूला ठेवायला सांगितल्या. दुपारी तीनपर्यंत आठवी-नववीच्या मुलांनी आणि चित्रकलेच्या बाईंनी बसून नव्या पाकळ्या कापल्या, पुरेशा झाल्या नाहीत म्हणून पुष्पवृष्टी थोडी आखूड केली आणि त्या माझ्यासमोर, झाडू जवळही न येऊ देता, थेट झोळीत भरल्या.

एक काम तरीही उरले होते, कारण स्क्रू कुठून तरी निघालेला होता. त्या मुलाला सोबत घेऊन मी सिंहासन, मेघडंबरी आणि दोन्ही बाजूंचे फ्लॅट, म्हणजे देखाव्याच्या उभ्या चौकटी, फळीफळीने तपासले. मेघडंबरीच्या मागच्या आडव्या पट्टीत एक रिकामे भोक त्यालाच दिसले. ती पट्टी हाताने ओढली तर हलत होती, आणि महाराज झालेला मुलगा नेमका तिच्याखाली बसणार होता. त्या जागी स्क्रूऐवजी नटबोल्ट बसवला, बाकीचे सगळे स्क्रू एकेक करून आवळले आणि मगच पहिली घंटा द्यायला सांगितली.