तुम्ही विचारलंत म्हणून: चालायलंय, मग सिद्ध कशाला?

"प्रोग्राम चालायलाय ना? मग आणखी काय सिद्ध करायलीस?" सेलूला गेले की मामा हे विचारतात. नांदेडला विद्यापीठात पहिल्या वर्षाची मुलं तेच जरा शुद्ध भाषेत विचारतात. मी कंपायलरवर, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामवर, संशोधन करते. कंपायलरनं केलेलं भाषांतर मूळ प्रोग्रामशी इमान राखतं, हे गणितानं सिद्ध करणं हे माझं काम.

मामांना उत्तर द्यायला मला घराबाहेर जावं लागत नाही. आजोबांच्या जमिनीचा निजामकाळातला कागद उर्दूत होता. वाटणीच्या वेळी तो मराठीत करून घेतला. करून देणाऱ्यानं चतुःसीमा उतरवताना शुमाल आणि जुनूब उलटं लिहिलं, आणि उत्तरेचा ओढा कागदावर दक्षिणेला गेला. ओढ्याकडचा हिस्सा कुणाचा यावरून दोन भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. मूळ कागद बरोबर होता, मराठी वाचणारेही चुकले नव्हते. पण घरात उर्दू कुणालाच येत नव्हती, म्हणून मधलं भाषांतर ताडून बघावं हे कुणाच्या मनातच आलं नाही.

कंपायलर हा तसाच मधला माणूस. प्रोग्रामर सी भाषेत लिहितो, प्रोसेसरला फक्त आकड्यांतल्या सूचना कळतात. शिवाय कंपायलर शब्दाला शब्द ठेवत नाही. वेग वाढावा म्हणून तो गाळतो, पुढंमागं करतो, महागड्या क्रियेच्या जागी स्वस्त क्रिया घालतो. तिथं तो चुकला, तर प्रोग्रामर बिचारा आठवडेच्या आठवडे स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत राहतो.

एक साधा नियम बघा. दोननं भागायचं असेल तर भागाकार करण्याऐवजी संख्येचे बिट, म्हणजे संगणकात ती ज्या ० आणि १ या अंकांत लिहिलेली असते ते, एक घर उजवीकडं सरकवा. ते स्वस्त पडतं. ८ चे ४ होतात, ७ चे (अपूर्णांक सोडून) ३. उणे ८ चे उणे ४, तेही बरोबर. आता उणे ७ घ्या. सी भाषेत उणे ७ भागिले २ म्हणजे उणे ३, कारण उत्तर शून्याकडं झुकतं. बिट सरकवले की येतं उणे ४. म्हणून चांगले कंपायलर ऋण संख्येत आधी १ मिळवतात आणि मग सरकवतात. उणे ६ चे उणे ३. तुम्ही शंभर धन संख्या तपासल्या असत्या, तरी ही चूक सापडली नसती.

"मग सगळ्या संख्या तपासा की," असं मुलं म्हणतात. ३२ बिटांची एकच संख्या असेल तर तेही जमतं. दोन असल्या तर जोड्या होतात २ चा ६४ वा घात. सेकंदाला शंभर कोटी तपासल्या तरी सुमारे ५८५ वर्षं लागतील. म्हणून आम्ही प्रश्न उलटा विचारतो: मूळ प्रोग्राम आणि त्याचं भाषांतर यांची उत्तरं वेगळी येतील अशी एखादी तरी जोडी आहे का? झेड-थ्रीसारखा सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारा प्रोग्राम, ती तर्कानं शोधतो. असेल तर ती हातात ठेवतो, नसेल तर नाही म्हणून सांगतो. लूप, म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा फिरवणारा भाग, आले की मात्र बहुतेक वेळा इंडक्शननं (पहिल्या फेरीला खरं, आणि एका फेरीला खरं तर पुढच्या फेरीलाही खरं, असं दाखवून) सिद्धता स्वतः रचावी लागते, आणि कॉक नावाचं साधन (आता त्याचं नाव रॉक झालंय) तिची पायरी न् पायरी तपासतं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेत झाविए लरुआ यांच्या गटानं कॉम्पसर्ट हा सी कंपायलर अशा सिद्धतेसह बांधला. २०११ साली युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी यादृच्छिक प्रोग्राम कंपायलरांवर सोडून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. सव्वातीनशेहून जास्त चुका निघाल्या. नावाजलेले कंपायलरही सुटले नाहीत. कॉम्पसर्टमध्येही काही सापडल्या, पण त्याच्या सिद्ध केलेल्या मधल्या भागात चुकीचं भाषांतर एकही मिळालं नाही. मला या कामात ओढलं ते याच निकालानं.

सिद्धता म्हणजे सगळं निर्दोष, असं मी कधीच म्हणत नाही. काय सिद्ध करायचं तेच चुकीचं लिहिलं, तर सिद्धता त्या चुकीचीच होणार. माझा निम्मा वेळ तेवढं एक वाक्य नीट लिहिण्यात जातो, आणि तो वाया जातो असं मला वाटत नाही.

सध्या मी एका नियमावर अडले आहे. लूपमध्ये दर फेरीला तोच भागाकार होत असेल, तर तो लूपच्या आधी एकदाच करून ठेवायचा. दिसायला सरळ. पण लूप एकदाही फिरला नाही आणि भाजक शून्य असला तर? मूळ प्रोग्राममध्ये तो भागाकार झालाच नसता. बाहेर काढलेला मात्र होतो आणि प्रोग्राम कोसळतो.

मागच्या खेपेला ओसरीवर मामांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पाऊस नाही, पेरणी नाही, अन् मळणीयंत्राचं भाडं आधीच देऊन बसायचं?"

अगदी तेच, मामा. लूप किमान एकदा फिरणारच, एवढी अट मी आता नियमात घातली आहे. कॉक अजून एक पायरी बाकी दाखवतंय.