आडनाव उलटं करून

रविवारी दुपारी श्रीखंड जरा जास्तच झालं होतं आणि झोप काही लागेना, म्हणून मोबाईल छातीवर ठेवून जुन्या धावण्याच्या शर्यती बघत लोळत होतो. हा माझा जुना नाद आहे. स्वतः दोन मजले चढलो की कठड्याला धरून उभा राहतो, पण ८०० मीटरमध्ये कुणी कुठल्या वळणावर जोर लावायला हवा होता यावर मला ठाम मतं असतात. तर ती १९९५ची गोथेनबर्गची जागतिक स्पर्धा होती, बायकांची ८०० मीटरची फायनल. जिंकली क्युबाची आना किरोत, जी दोनच वर्षांपूर्वी घरातल्या अपघातात भयंकर भाजली होती, त्यामुळे त्या शर्यतीबद्दल जो कुणी बोलतो तो तिच्याबद्दलच बोलतो, आणि बरोबरच आहे ते. पण माझं लक्ष दुसऱ्या नंबरच्या नावावर अडकलं. लेटिशिया व्रीसडे, सुरिनाम.

व्रीसडे? असं कसं आडनाव? डे व्रीस असतं ना. ह्यूगो डे व्रीस, अकरावी-बारावीच्या बायोलॉजीत भेटतो तो, मेंडेलचं वाटाण्यांचं काम धूळ खात पडलं होतं ते १९०० साली ज्या तिघांनी वर काढलं त्यातला एक. नेदरलँड्समध्ये दगड मारला तर डे व्रीसला लागेल इतकं ते नाव तिथे कॉमन आहे. आणि इथे 'डे' पुढून उठून मागे जाऊन बसलाय. गेली झोप.

आता आडनाव म्हटलं की मला राहवत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सोसायटीत नवीन कुणी राहायला आलं की मी आधी लेटरबॉक्सवरची पाटी वाचून येतो. बायको म्हणते हे बरं दिसत नाही, आणि खरंच बरं दिसत नाही, कारण आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे बरेचदा वेगळंच काहीतरी विचारणं असतं आणि विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ते कळत असतं. पण माझं वेड त्यातलं नाही हो. माझं वेड टेलिफोन डिरेक्टरीतून आलंय.

सांगलीला काकांकडे फोन होता. काळा, जड, आणि डायलला छोटं कुलूप, कारण मे महिन्यात आम्ही चुलत-मावस मिळून पोरांची फलटणच जमायचो आणि काकांचा आमच्यावर विश्वास नव्हता. फोनखाली डिरेक्टरी. दुपारी मोठी माणसं पंखा लावून आडवी झाली की आमचा खेळ सुरू, आधी कुलकर्णी किती पानं, पाटील किती पानं, जोशी किती, ते मोजायचं, आणि मग खरा खेळ, अख्ख्या डिरेक्टरीत एकदाच येणारं आडनाव शोधायचं. ज्याला सापडेल तो राजा. माझा एक आतेभाऊ यात पटाईत होता, तो बोट फिरवत फिरवत पान उलटायचा आणि मध्येच 'एकटा!' असं ओरडायचा. मग आम्ही त्या एकट्याला फोन लावायचो. कुलूप असलं म्हणून काय झालं, रिसीव्हर ठेवतात तिथली बटणं टकटक दाबून नंबर लावता येतो हे त्या काळच्या प्रत्येक कार्ट्याला माहीत होतं, पाच असेल तर पाच टकटक, शून्याला दहा, आणि शून्य आलं की सगळे श्वास धरून मोजायचे.

असाच एकदा फोन लागला आणि आतेभावानं घाबरून रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी विचारलं, काका, तुमचं आडनाव असं का आहे? मला वाटलं आता शिव्या पडणार. तर ते गृहस्थ इतके खूश झाले की बहुतेक जन्मभर कुणी विचारण्याचीच वाट बघत होते, कुठलं तरी गाव, मग दुष्काळ, मग कुणी तरी पणजोबा एका सावकाराकडे कारकून, असं करत करत ते बोलतच राहिले आणि इकडे काकांच्या खोलीचा पंखा बंद झाल्याचा आवाज आला. त्यांचं आडनाव इथे लिहीत नाही, कारण तसे ते एकटेच होते.

असो. डच लोकांनी या डिरेक्टरीच्या खेळाचं रीतसर सरकारी छाप काम करून ठेवलंय. त्यांच्याकडे आडनावांची एक बँक आहे, अॅमस्टरडॅमच्या मीर्टेन्स इन्स्टिट्यूटनं उभी केलेली, तीन लाखांच्या वर आडनावं, कुणीही घरबसल्या बघावी. आडनाव टाकलं की १९४७च्या जनगणनेत ते किती जणांचं होतं आणि २००७ साली किती जणांचं होतं ते आकडे येतात, वर नकाशा, कुठल्या गावात किती ते रंगानं दाखवलेलं. २००७ला पहिला नंबर डे योंग, ८३ हजारांच्या वर. मग यान्सन, मग आपले डे व्रीस, ७१ हजारांच्या वर. आणि तळाला ती नावं जिथे आकडाच नसतो, नुसतं 'पाचपेक्षा कमी'. म्हणजे आमच्या भाषेत 'एकटा!'. मी त्या बँकेत किती तास घालवलेत ते बायकोला सांगितलेलं नाही.

डच आडनावांचा विषय निघाला की नेपोलियनची गोष्ट कुणीतरी सांगतंच. की १८११मध्ये त्यानं फर्मान काढलं, प्रत्येकानं आडनाव नोंदवा, आणि डच लोकांना वाटलं हा काय चार दिवसांचा पाहुणा, म्हणून त्यांनी मुद्दाम चावट नावं लिहून दिली, आणि मग नेपोलियन गेला आणि नावं राहिली. पुरावा म्हणून सांगतात नाक्तखेबोरन, सरळ अर्थ नागडा जन्मलेला. गोष्ट झकास आहे पण खरी नाही. बहुतेकांना आडनावं आधीपासूनच होती, नव्हती ती मुख्यत्वे उत्तरेकडे, फ्रीसलंड वगैरे भागात, जिथे पीटरचा मुलगा यान आणि यानचा मुलगा पीटर असं बापाच्या नावावर भागत होतं. आणि तिथलेही सगळे काही धावत गेले नाहीत नोंदवायला, फ्रेंच गेल्यावर १८२५मध्ये त्यांच्याच राजाला परत हुकूम काढावा लागला. नाक्तखेबोरन बहुधा जर्मन नाखगेबोरनवरून आलंय, म्हणजे बाप वारल्यानंतर जन्मलेलं मूल. नागडेपणाचा संबंध नाही, उलट वाईट वाटावं असं नाव आहे. पण गंमत बघा, याच आडनावाचे एक प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले, कॉर्नेलिस नाक्तखेबोरन, आणि त्यांनी आयुष्यभर अभ्यास कशाचा केला तर प्राण्यांच्या जन्माचा! गायी-मेंढ्या कशा वितात यावर काम, आणि १९७०मध्ये जन्माच्या जीवशास्त्रावर जर्मनमध्ये ग्रंथ, स्लायपर नावाच्या दुसऱ्या प्राणिशास्त्रज्ञाबरोबर. या माणसाला शाळेत काय काय ऐकावं लागलं असेल आणि त्याचा त्यानं कसा बदला घेतला बघा.

आणखी एक मला आवडतं ते नोइतखेडाख्ट, अर्थ 'कधी वाटलंच नव्हतं'. फ्रीसलंडमध्ये आयल्स्ट नावाचं गाव आहे तिथे या आडनावाच्या माणसानं १८६५मध्ये कारखाना काढला, सुतारकामाचे रंधे आणि बर्फावर घसरायचे लाकडी स्केट्स. फ्रीसलंडच्या आडनावांत -स्ट्रा फार, डाइकस्ट्रा, हूकस्ट्रा, टेर्पस्ट्रा, आणि हा स्ट्रा म्हणजे डिट्टो आपला 'कर', तिथला राहणारा. आयटीतली अर्धी मराठी जनता ज्या डाइकस्ट्राचं शॉर्टेस्ट पाथ, म्हणजे सगळ्यात जवळची वाट काढायचं गणित, रट्टा मारून इंटरव्ह्यू पास झाली तो आपल्याकडे जन्मता तर बांधकर झाला असता, कारण डाइक म्हणजे बांध. दुसरं शेपूट म्हणजे -मा. आडनावाच्या शेवटी मा दिसला की डोळे मिटून फ्रीसलंड म्हणावं.

म्हणूनच व्रीसडे शोधता शोधता जेव्हा मॅडरेट्समा हे आडनाव समोर आलं तेव्हा मी म्हटलं, हं, फ्रीसलंड. आणि मग ते नीट वाचलं. रोमन लिपीत लिहा आणि मागून वाचा. अॅमस्टरडॅम.

अशा उलट्या केलेल्या आडनावांची एक अख्खी जमात आहे. विल्केन्सचं उलटसुलट करून केन्सविल. डे व्रीसचं व्रीसडे. ही आडनावं सुरिनाममधली आहेत, दक्षिण अमेरिकेच्या वरच्या कडेला जी डच वसाहत होती तिथली, उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांवर जे आफ्रिकी गुलाम राबत त्यांच्या वंशजांची. गुलामाला आडनाव नसायचं. मालकानं एखाद्याला मुक्त केलं तर कागदावर आडनाव लागायचं, पण वसाहतीतल्या कुठल्या नामांकित घराण्याचं आडनाव द्यायचं नाही असा दंडक होता. हे असं का असेल ते काही वेगळं सांगायला नको, मळ्यावरच्या कुणाचा बाप कोण हे सगळ्यांना माहीत असायचंच. मग काय, पळवाट. आपलंच नाव फिरवून द्यायचं. कायदाही पाळला आणि शिक्काही मारला. १ जुलै १८६३ला गुलामी कायद्यानं संपली तेव्हा सुरिनाममध्ये तीसेक हजारांहून जास्त माणसं एकदम मोकळी झाली आणि त्या सगळ्यांना आडनावं हवी होती, तेव्हा तर हा कारखानाच चालला असणार.

आम्ही शाळेत नावं उलटी करून बोलायचो, 'च'ची भाषा सगळ्यांना यायला लागल्यावर मास्तरांना कळू नये म्हणून हा दुसरा प्रकार. कुलकर्णी सर उलटे केले की र्णीकलकु, म्हणताना जीभ अडकायची आणि हसून हसून मुरकुंडी वळायची. मला आता सारखं वाटतंय की सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोच्या कुठल्या कचेरीत टाक दौतीत बुडवून बसलेला तो कारकून, विल्केन्स, केन्सविल, अॅमस्टरडॅम, मॅडरेट्समा, तोही मनात हसला असेल का. का नुसता कंटाळला असेल. समोर उभ्या असलेल्या बाईला बहुतेक विचारलंही नसेल.

त्या नोंदवह्या आहेत अजून, आणि आता ऑनलाईन आहेत. जुनं नाव, नवं नाव, आडनाव, वय, काम काय करायची, कुठल्या मळ्यावर, मालक कोण. दर डोई ३०० गिल्डर, म्हणजे तेव्हाचे डच पैसे, भरपाई दिली गेली. मालकाला. आणि ज्यांना मोकळं केलं त्यांनी पुढची दहा वर्षं, म्हणजे १८७३पर्यंत, सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर काम करायचं. १८७३ आलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये कलकत्त्याहून लाला रूख नावाचं जहाज पारामारिबोला लागलं, आपल्याकडचे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, घेऊन. त्यांच्या आडनावांची कथा आणखी वेगळी आहे, ती आज नको.

एक नाव मात्र मला या सगळ्यात राहून राहून आठवतं, नोइतमेर. अर्थ 'पुन्हा कधीच नाही'. हे कुणी दिलं असेल? कारकुनाला हे सुचेल असं मला तरी वाटत नाही.

तर व्रीसडे. त्या बँकेत ७१ हजार डे व्रीसांसमोर हे नाव हजाराच्या खूपच आत आहे, आणि १९४७च्या रकान्यात तर असल्या नावांची जवळजवळ शांतताच, कारण ही माणसं मोठ्या संख्येनं नेदरलँड्समध्ये आली ती १९७५मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्याच्या आगेमागे. दुर्मिळ म्हणजे खानदानी, जुनं, जपून ठेवलेलं असं आपल्या डोक्यात असतं ना, डिरेक्टरीत एकटं आडनाव सापडलं की आम्हाला वाटायचं हे कुणी तरी सरदार असणार. इथे दुर्मिळ का, तर फक्त दुसऱ्या कुणाचं असू नये म्हणून.

नेदरलँड्समध्ये आडनाव बदलायचं तर आठशेच्या वर युरो लागायचे. डिसेंबर २०२२मध्ये पंतप्रधानांनी गुलामीबद्दल सरकारतर्फे माफी मागितली, २०२३च्या १ जुलैला राजानं मागितली, आणि त्याच सुमाराला गुलामांच्या वंशजांना आडनाव फुकट बदलून मिळायची सोय झाली. मी असतो तर बदललं असतं का, असा विचार करत बराच वेळ लोळलो. एकीकडे ते मालकाचं नाव, उलटं केलं म्हणून काय झालं. आणि दुसरीकडे लेटिशियानं ते गोथेनबर्गच्या पोडियमवर नेलंय, मैदानी जागतिक स्पर्धेत पदक घेणारी दक्षिण अमेरिकेतली पहिली बाई ती, आणि २००१मध्ये एडमंटनला परत एकदा, ब्राँझ, वयाच्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या वर्षी. आता ते नाव नक्की कुणाचं म्हणायचं?

पण माझं आडनाव मला कुणी उलटं करून दिलेलं नाही, खरं सांगायचं तर त्या आडनावावर माझी बरीच दारं न वाजवताच उघडलेली आहेत, त्यामुळे यात माझ्या मताला काही किंमत आहे असं नाही. ज्यांचं आहे ते बघतील. मला विचारायचंय ते त्या ७१ हजारांना. त्यातल्या बहुतेकांचा कुठल्या मळ्याशी काडीचा संबंध नसणार, मान्य. पण आपलं नाव मागून वाचलं की काय होतं, हे त्यांच्यातल्या कितीजणांनी कधी करून बघितलं असेल?