मावशींची जट आणि माझा ड्रायर

पुण्यात माझं ड्रेडलॉक्सचं, म्हणजे केस गुंतवून जटेसारख्या बटा (लॉक) करून द्यायचं, छोटंसं दुकान आहे, दुकान म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि बेसिन. काम शिकले गोव्यात, आरंबोलला. येणारी गिऱ्हाइकं म्हणजे कॉलेजची नाहीतर आयटीतली पोरं, मोबाईलवर बॉब मार्लेचा फोटो दाखवून म्हणतात असे पाहिजेत. त्यातल्या बऱ्याच जणांना हल्ली क्रोशाच्या सुईने केलेले नको असतात, "नॅचरल" पाहिजेत, म्हणजे कंगवा बंद करायचा आणि केसांना आपले आपण गुंतू द्यायचं. गुंततात की, पण मार्लेचे केस आपल्यासारखे सरळ नव्हते ना, आपल्या केसांचे नीट लॉक बसायला दीड-दोन वर्षं सहज जातात आणि मधल्या काळात माणूस नुकताच झोपेतून उठून आल्यासारखा दिसतो.

त्या दिवशी असाच एक पोरगा खुर्चीत होता. महिनोन्महिने डोकं धुतलं नव्हतं, का तर धुतलं की सुटतात म्हणे. मी त्याला झापत होते, की बाबा उलट आहे, तेलकट केस एकमेकांवरून घसरतात, स्वच्छ कोरडे केस पकड धरतात, जमैकातले रास्ता लोकसुद्धा, म्हणजे मार्लेच्या रास्ताफारी पंथाचे, कंगवा-कात्री लावत नाहीत पण केस धुतात. एवढ्यात जिना पुसणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्ये लोक पैसं दिऊन जट करून घेत्यात व्हय?"

पोरगा हसला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि पाठ केली.

मानेच्या वर तळहाताएवढी चपटी जट, हाताला कडक, हळद-कुंकवाने पिवळी-लाल झालेली. मूळ गाव मिरजेकडचं. टायफॉईडने अंथरुणाला खिळून होत्या तेव्हा बरेच दिवस केस विंचरले नाहीत, उठल्या तर मागे गठ्ठा. सासरच्या कोणीतरी सांगितलं ही यल्लम्मा आईची जट, कात्री लावायची नाही, साबण लावायचा नाही, मंगळवार-शुक्रवार हळद-कुंकू वाहायचं. आता वास येतो, खाजतं, मान दुखते, आणि कामावरच्या एका बाईने त्यांना स्वयंपाकघरात येऊ देणं बंद केलंय. "कापू नका ताई. पण धुता येतंय का बघा की."

मला काय करायचं ते कळेना असं नाही, कळत होतं. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) नंदिनी जाधव आमच्या पुण्यातल्याच, त्यांनी शेकडो बायकांच्या जटा काढल्यात आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे, जट कापून टाकणं हाच सरळ उपाय. पण समोरच्या बाईने कापू नका म्हटलंय आणि ती धुवायला तरी तयार आहे, तर मी आधी धुणार. वाद नंतर घालू.

बॅटरी लावून टाळू पाहिली. उवा होत्या, खाजवून दोन-तीन जखमा. म्हणून खायच्या सोड्याचं पाणी, जे मी एरवी वापरते, ते वापरलं नाही, आग झाली असती. कंडिशनर नसलेला साधा शाम्पू पाण्यात पातळ करून जटेत ओतत राहिले आणि स्पंज पिळतात तशी पिळत राहिले. पहिलं पाणी लाल, मग पिवळं, मग चहाच्या रंगाचं, आणि पाणी साफ यायला एवढा वेळ लागला की पुढच्या गिऱ्हाइकाला फोन करून उद्या ये म्हणून सांगितलं.

मग मुळापासून बोटांनी फाडायला घेतली. आपोआप झालेल्या लॉक्सची खरी निगा हीच, दर आठवड्याला मुळाशी शेजारशेजारचे लॉक वेगळे करायचे, नाहीतर सगळे मिळून एकच गठ्ठा होतो आणि आतपर्यंत ना पाणी जातं ना हवा. मावशींच्या जटेला इतक्या दिवसांत कोणी बोट लावलं नव्हतं. फाडता फाडता केसांचा एक झुपका हातात आला आणि मावशी एकदम ताठ झाल्या, "रगत आलं का? आई कोपंल!" मी झुपका त्यांच्या हातात दिला. म्हटलं बघा, हे केस कधीच गळलेत. प्रत्येक माणसाचे रोज पन्नास ते शंभर गळतात, आपण विंचरतो म्हणून कंगव्यात येतात, तुमचे आतच अडकून बसले, त्यांनीच तर गठ्ठा बांधला. खुर्चीतला पोरगा म्हणाला, "म्हणजे माझ्यात पण मेलेले केसच आहेत?" हो रे बाळा, तुझ्यात पण.

एकाचे चार लॉक झाले. मग वाळवणं, हे सगळ्यात कंटाळवाणं, आणि लोक इथेच गंडतात. वरून कोरडं लागतं पण आत ओल राहिली की बुरशी धरते, पुण्याच्या पावसात तर हमखास. पंचा गुंडाळून पिळलं आणि ड्रायर गार हवेवर ठेवून पोराच्या हातात दिला, तुझं डोकं होईपर्यंत धर म्हटलं. त्याने धरला, बराच वेळ, कुरकुर न करता.

मावशी मान इकडेतिकडे फिरवून बघत होत्या. उवांचं औषध आणि जखमांसाठी सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. हळद-कुंकू वाहायचंच असेल तर फोटोला वाहा, डोक्याला नको, यावर त्यांनी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण. कापायचा विषय मी मुद्दाम परत काढला, तर म्हणाल्या, "जावेला इचारते." जावेला विचारून काय होणार ते मला माहितीये, पण असो.

पैसे किती म्हणाल्या. पोराकडून घेते ते सांगितलं असतं तर चक्करच आली असती, म्हटलं जिना पुसताना माझा उंबरा पण पुसत जा. घरी ड्रायर नाही, खोलीत ऊन येत नाही, म्हणून आता रविवारी सकाळी डोकं धुऊन आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उन्हात बसतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते पटलेलं नाही, मीटिंगमध्ये काढणार आहेत म्हणे. काढू देत, मी पण जाणार आहे मीटिंगला.