काऊचा घास

आमच्या कोथरूडच्या गॅलरीत रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला एक कावळा येतो. ग्रिलवर बसतो, मान वाकडी करून आधी मला बघतो आणि मग ताटलीकडे. पोळी असेल तर उचलून चालता होतो. पण रात्रीची वाळून कडक झालेली ज्वारीची भाकरी असेल तर तो तिचा तुकडा शेजारच्या पाण्याच्या वाडग्यात टाकतो, इकडेतिकडे बघतो, चोचीनं एकदा उलटा करतो आणि मऊ झाला की खातो. वाडगं मी चिमण्यांसाठी ठेवलं होतं. चिमण्या कसल्या येतायत.

अण्णा चहात खारी अशीच बुडवायचे. आत सोडायची, मनात काहीतरी मोजायचं आणि नेमक्या क्षणी उचलून तोंडात. जरा उशीर झाला की ती तळाशी, आणि मग चमच्यानं लगदा खाण्याची नामुष्की. साठ वर्षांत त्यांची खारी बुडालेली मी पाहिली नव्हती. शेवटच्या वर्षी बुडायला लागली. डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या चाचण्या वगैरे नंतर घेतल्या. आम्हाला चहाच्या कपातच कळलं होतं.

फेब्रुवारीत अण्णा गेले. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर गेलो. पिंड ठेवले, मागे सरकलो, आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. तीन होते. एक भिंतीवर, एक झाडावर, आणि एक शेजारच्यांच्या पिंडावर यथेच्छ जेवत होता, ज्यामुळे आमच्या घराण्याची थोडी मानहानीच झाली. मग आश्वासनं सुरू झाली. धाकटा भाऊ म्हणाला, “अण्णा, पुस्तकं रद्दीत देणार नाही.” काही नाही. मी म्हणालो, “आईला एकटं ठेवणार नाही.” काही नाही. आत्या पुढे होऊन म्हणाली, “अरे, त्याची सायकल! सायकल विकणार नाही म्हणा.” म्हटलं. भिंतीवरच्या कावळ्यानं पंख सावरले, सगळ्यांचे श्वास रोखले गेले, आणि त्यानं चोच भिंतीला घासून स्वच्छ केली.

आम्ही चौदा जण होतो. दोन इंजिनिअर, एक सीए, एक वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका. चौदाही जण टक लावून त्या भाताच्या गोळ्याकडे बघत होतो.

नंतर कधीतरी वाचलं की केंब्रिजमध्ये २००९ साली जॅकडॉ नावाच्या कावळ्याच्या चुलतभावावर नेमका हाच प्रयोग झाला होता. अनोळखी माणूस खाण्याकडे टक लावून बघत असेल तर पक्षी ते उचलायला जास्त वेळ लावतो; माणसानं नजर दुसरीकडे वळवली की लवकर येतो. म्हणजे अण्णांचा जीव कशातही अडकलेला नव्हता. आम्हीच बघत होतो. पण चौदा जणांना, त्यातही आत्याला, “सगळ्यांनी नदीकडे तोंड करा” असं सांगायचं कोणी?

लहानपणी आपल्याला दोन कावळे भेटतात. एक शेणाच्या घराचा, पावसात घर वाहून गेलेला, “चिऊताई चिऊताई दार उघड” म्हणत ताटकळणारा बावळट. आणि दुसरा चतुर, मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणारा. खरा कोणता, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो शास्त्रज्ञांना पडला. त्याच २००९ साली, आणि केंब्रिजच्याच लोकांनी, रूक या कावळ्याच्या जातभाईंसमोर नळी ठेवली. आत थोडं पाणी, त्यावर तरंगणारी अळी, शेजारी दगड. रूकांनी दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. मोठे दगड आधी टाकले. आणि नळीत पाण्याऐवजी लाकडाचा भुसा असेल तर दगड टाकून उपयोग नाही, हेही त्यांच्या लवकरच ध्यानात आलं.

त्याआधी, २००२ साली, ऑक्सफर्डमध्ये बेटी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीनं सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतली मांसाची बादली वर ओढली. केवढा गवगवा झाला तिचा. २०१६ साली लक्षात आलं की तिचे रानातले भाऊबंदही काटक्या अशाच वाकवतात, तेव्हा ती काही एकटीच अलौकिक नव्हती. मला हे वाचून वाईट वाटायच्याऐवजी बरंच वाटलं. आमच्या समोरच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. तिथली बायंडिंग वायर उचलून एका जोडप्यानं गुलमोहरावर घरटं बांधलंय. तार वाकवून, अडकवून, वर काटक्या. बिल्डरचं काम अजून दुसऱ्या स्लॅबवर आहे.

त्याच गुलमोहरावरचं आधीचं घरटं वरच्या मजल्यावरच्या काकांनी काठीनं पाडलं होतं, गाडीवर घाण होते म्हणून. तेव्हापासून ते खाली उतरले की कावळे त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालतात, टोचाही मारतात. काकांनी टोपी बदलली, वेळ बदलली. उपयोग शून्य. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे अनेक वर्षं तो मुखवटा घालून कोणीही त्या आवारात फिरलं की कावळे कोकलायचे, आणि त्यात कधीही न पकडले गेलेलेही असायचे. एकानं दुसऱ्याला सांगितलेलं. हा प्रयोग पुण्यात मात्र जमणार नाही. इथे दुचाकीवरच्या निम्म्या लोकांची तोंडं स्कार्फमध्ये असतात; कावळ्यानं राग धरायचा कोणावर?

हे सगळं मी बायकोला रंगवून सांगत होतो. ती नेहमीप्रमाणे एका वाक्यात म्हणाली, “अहो, तुम्हाला कावळ्यात अण्णा दिसतायत म्हणून तो हुशार वाटतोय.”

झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. बर्लिनमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हान्स नावाचा घोडा होता. मालक गणिताचे निवृत्त शिक्षक. विचारलं की घोडा खूर आपटून बेरजा, अपूर्णांक, तारखा सांगायचा. पंडितांची समिती बसली, तिलाही लबाडी सापडेना. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी उलगडा केला: विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडाही अडतो. बरोबर आकडा आला की माणसाच्या मानेत, अंगात जो बारीकसा सैलपणा येतो तो बघून हान्स थांबत होता. आपल्याकडे यासाठी समिती बसवावी लागली नसती. गल्लीत गुबूगुबू वाजवत नंदीबैल यायचा, “सांग रे, या पोराला परीक्षेत यश मिळेल का?” आणि बैल मान डोलवायचा. सगळी आळी हसायची, पैसे द्यायची. बैल कोणाकडे बघून मान हलवतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी हान्सची गोष्ट सांगून बायकोचं म्हणणं मान्य केलं. तर ती म्हणाली, “पण तो घोडा माणसं वाचत होता की! ते काय बेरजेपेक्षा सोपं आहे? तुम्हाला अजून जमलेलं नाही.”

आपण हुशारी मोजताना आपल्याच फूटपट्टीनं मोजतो, हा त्यातला मुद्दा. पक्ष्यांची आणि आपली वंशरेषा ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. आपल्या मेंदूवर ती फ्लॉवरसारखी घडीघडीची साल आहे, त्यांच्याकडे ती नाहीच. म्हणून पूर्वी वाटायचं, पक्षी कसला विचार करणार. रॅव्हन हा डोमकावळ्याचा थोरला भाऊ. त्याचा मेंदू जेमतेम १५ ग्रॅमचा, तीन-चार चमचे साखरेएवढा. पण २०१६ साली मोजदाद झाली तेव्हा दिसलं की त्यात पेशी इतक्या दाटीवाटीनं बसवल्यात की पुढच्या भागात कित्येक माकडांच्या तोडीस तोड निघाव्यात. वन रूम किचनमध्ये आठ माणसांचा संसार. आपला मेंदू त्यामानानं ऐसपैस बंगला: साधारण १३५० ग्रॅम, वजनाच्या दोन टक्के, पण अंगातली वीस टक्के ऊर्जा खाणारा. जेवणातल्या पाच पोळ्यांपैकी एक नुसती डोक्याला लागते. एवढा खर्च करून आपण काय मिळवलं, हे विचारणं मध्यमवर्गीय माणसाचं कर्तव्यच आहे.

बरं, चतुर कावळाही सगळीकडे चतुर नसतो. काकांना टोपी बदलूनही ओळखणारा हाच प्राणी घरट्यातलं कोकिळेचं अंडं आपलंच समजून उबवतो. कोकिळा दिसली तर पाठलाग करून हाकलेल, पण तिनं गुपचूप ठेवलेलं अंडं चालतं. पूर्वी मी याला हसायचो. मग गेल्या वर्षी ‘केवायसी अपडेट’ करणाऱ्या एका गोड आवाजाच्या मुलाला मी ओटीपी सांगितला. तीस वर्षं बँकेत नोकरी केलेला माणूस. काउंटरवरून लोकांना “कोणालाही सांगू नका” म्हणून बजावणारा. अंडं हुबेहूब होतं, एवढंच म्हणतो.

अण्णा गेल्यावर लोक भेटायला यायचे. चप्पल काढता काढता पहिला प्रश्न: “कसे गेले?” मग शुगर होती का, बीपी होतं का, वय काय, रात्री काय जेवले होते. सुरुवातीला मला राग यायचा. एकदा वीजेच्या तारेला चिकटून एक कावळा मेला, तर दहा मिनिटांत तीस-चाळीस कावळे जमून कलकलाट करायला लागले. ही शोकसभा सगळ्यांनी पाहिलेली असते. सिअ‍ॅटलच्याच संशोधकांना २०१५ साली दिसलं की मेलेला कावळा जिथे दिसला, किंवा ज्या माणसाच्या हातात दिसला, त्याला बाकीचे पुढे कित्येक दिवस टाळतात. म्हणजे त्या गर्दीत एक काम चाललेलं असतं: हा कशानं मेला ते समजून घ्यायचं. त्यानंतर मी भेटायला येणाऱ्यांना सगळं नीट सांगायला लागलो. शुगर नव्हती. बीपी होतं. रात्री खिचडी.

मात्र घाटावर त्या दिवशी पुढे जे झालं ते कावळ्याला सुचलं नसतं. दीड तास झाला, ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम होतं. त्यांनी पिशवीतून दर्भ काढला, दोन गाठी मारल्या, आणि चोचीसारखं काहीतरी केलं. “हा कावळा,” म्हणाले. “मानायचं.” दर्भाचा कावळा पिंडाला टेकवला. चौदा जणांनी सुटकेचा श्वास सोडला. आत्यानं डोळे पुसले. मी पण पुसले. खरे तीन कावळे भिंतीवरून आणि झाडावरून बघत होते की ही माणसं गवत भाताला लावून रडतायत कशाला.

तार वाकवणं, दगड टाकणं, चेहरा लक्षात ठेवणं हे त्यांना येतं. पण एकानं गवताला कावळा म्हणायचं आणि चौदा जणांनी त्याला होय म्हणायचं, हे काही वेगळंच आहे. मेंदू खातो त्या वीस टक्के ऊर्जेतला मोठा वाटा या ‘मानायचं’वर जात असावा, असा माझा आपला संशय. नोट म्हणजे पैसे मानायचे, रेघ म्हणजे सरहद्द. बँकेत तर दुसरं काही नसतंच. आणि हे पुण्याच्या मातीत आजचं नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर ही त्यामागची मोठी माणसं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. ती माणसं आपली मेलेली पोरं दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडत, बहुधा गेलेला उठून निघून जाऊ नये म्हणून. सोबत भांडी ठेवत. मेलेला माणूस चालत नाही, जेवत नाही, हे त्यांना आपल्याइतकंच ठाऊक असणार.

परवा नात आली होती. अडीच वर्षांची. सून तिला गॅलरीत वरणभात भरवत होती. “हा घास चिऊचा, हा घास काऊचा.” काऊचा घास नातीच्या पोटात गेला. समोर ग्रिलवर साक्षात काऊ बसलेला. नातीनं त्याच्याकडे बघत शांतपणे चावून गिळला आणि पुढच्या घासाला तोंड उघडलं. मला तिची जरा भीतीच वाटली.

काल अण्णांची तिथी होती. फार काही केलं नाही. बेकरीतून पाव किलो खारी आणली आणि सकाळी ताटलीत दोन ठेवल्या, पाण्याचं वाडगं मुद्दाम जवळ सरकवून. मग आठवण ठेवून पाठ फिरवली आणि काचेत बघत उभा राहिलो. तो आला. खारीवर चोच मारली, ती भसकन फुटून पापुद्रे उडाले. त्यानं वाडग्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही कोरड्याच खाल्ल्या आणि उडाला. गॅलरीभर चुरा झाला होता. झाडू आणायला आत गेलो.