रुसायला जागा नाही

नवऱ्यानं एकाचंच जेवण मागवलं होतं. घडलं ते एवढंच. बाकी दिवस छान गेला, ऊन बेताचं होतं, गुडघ्यानं कुरकुर केली नाही. आता रात्रीचे दहा वाजत आलेत, बाहेर अजून लख्ख दिसतंय, आणि मी तेवढंच घोळवत बसले आहे.

उत्तर स्पेनच्या डोंगरातली कारेसची वाट. पोंसेबोसहून काईनपर्यंत 11-12 किलोमीटर आणि तेवढीच परत, कारण गाडीनं यायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा. आमचं गाडीतलं घर खाली आरेनासच्या कॅम्पिंगमध्ये चाकाखाली पाचरी सारून उभं, म्हणून सकाळच्या बसनं गेलो. सुरुवातीला एक दम काढणारा चढ आहे. तो संपला की कड्यात कोरलेली जवळजवळ सपाट वाट, दीडेक मीटर रुंद, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि खाली कुठेतरी खोल नदी. ही वाट हौशी लोकांसाठी केलेलीच नाही. वीजकेंद्राला पाणी नेणारा कालवा आधी झाला. त्याच्या देखभालीला माणसांना जाता-येता यावं म्हणून 1945 नंतर ही कोरून काढली. कालवा अजून वाहतो. मधेच शेजारी येतो, मधेच कड्याच्या पोटात शिरतो. शेळ्या मात्र वाट त्यांचीच असल्यासारख्या बसलेल्या असतात, आपणच अंग चोरून जायचं.

तर अशा वाटेवर हा पुढे. नेहमीप्रमाणे. तुळशीबागेत पुढे, राजमाचीला पुढे, तिरुपतीच्या रांगेतसुद्धा कसा कोण जाणे पुढे. आधी वळणावळणावर निळी टोपी दिसत होती. मग वळणं रिकामी यायला लागली.

काईनच्या जवळ पाणी ठिबकणारे बोगदे लागतात. त्यातून भिजून बाहेर आले, धरण ओलांडलं, गावात शिरले, तर हा बाहेरच्या टेबलावर. समोर मसुराच्या आमटीची रिकामी बशी, दुसऱ्या बशीत अर्धी तोर्तिया, म्हणजे इथलं बटाट्याचं ऑम्लेट. “अगं, आलीस?” म्हणाला. आनंद होता आवाजात, नाही म्हणत नाही. पण आश्चर्य जास्त होतं.

म्हणजे यानं धरूनच चाललं होतं की मी परत फिरले. कधी ठरवलं असेल? पहिल्या चढावरच? की मधल्या पुलावर, जिथे मी बुटाची नाडी बांधायला थांबले? आणि ठरवल्यावर वाईट वगैरे वाटलं असेल का? दुपारचं जेवण इथे नुसतं ताट नसतं. पहिली बशी, दुसरी बशी, पाव, गोड, असं एकामागून एक येतं. म्हणजे मनात काही आलं असतं तर मधे भरपूर वेळ होता. “तुझा गुडघा म्हणून मला वाटलं” असं म्हणाला. गुडघ्याचं नाव पुढे केलं की सगळं मिटतं असा याचा समज आहे.

मग माझंही जेवण आलं. चांगलं होतं. त्यामुळे अजूनच राग आला.

त्याच गावचा एक मेंढपाळ होता, ग्रेगोरिओ पेरेझ, त्याला ‘एल काइनेखो’ म्हणत. 1904 साली पेद्रो पिदाल नावाच्या उमरावाला घेऊन तो नारान्खो दे बुल्नेस या सुळक्यावर चढला, 2519 मीटर, त्याआधी तिथे कुणी पोचलेलं नव्हतं. याच पिदालनं पुढे खटपट करून 1918 मध्ये इथलं राष्ट्रीय उद्यान करवलं. पण त्या सुळक्यावर पुढे होता तो मेंढपाळ, आणि वरून दोर टाकून उमरावाला ओढून घेत होता. हे यानंच मला मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं होतं. मी काही बोलले नाही. पुढे जाणाऱ्यानं दोर टाकायचा असतो एवढं तरी त्यातून कळायला हरकत नव्हती.

येताना सगळा वेळ माझ्या मागून चालला. तेही नाही आवडलं.

चिनूला फोटो पाठवले. शेळ्या, पूल, गिधाडं, बाबा. “वा बाबा!” असं आलं. असो.

आणि रुसावं म्हटलं तर या गाडीत सोय नाही. घरी निदान मागची खोली आहे. इथे हा हात धुवायला उठला की मला पाय वर घ्यावे लागतात. पलंग करायचा तर टेबल दोघांनी मिळून खाली बसवायचं, एकानं ओढून ते बसत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. साध्या पार्किंगमध्ये असतो तर बाहेरही बसता आलं नसतं. आत झोपलात तर ते पार्किंग, बाहेर खुर्ची मांडलीत की कॅम्पिंग, असा इथला हिशेब. आज पैसे भरून आलोय, म्हणून निदान खुर्ची टाकून रागावता येतंय. शेजारच्या डच काकू दोनदा हात हलवून गेल्या. हसावं लागलं.

एक मात्र आहे. त्या रिकाम्या वळणांवर मला बरं वाटत होतं. “पाणी पी”, “कडेनं नको”, “किती वेळ गं” हे कुणी म्हणत नव्हतं. एका ठिकाणी तर मी नुसती उभी राहून गिधाडं बघत होते, किती वेळ ते देवाला ठाऊक. हा थांबला असता तर ते जमलं नसतं. पण म्हणून एकाचंच जेवण मागवायचं?

आत्ता आतून विचारतोय, चहा टाकू का. टाक म्हटलं. दूध संपलंय हे त्याला ओटा उघडल्यावर कळेल.

उद्या पोतेसमार्गे फुएन्ते दे. तिथली रोपवे 753 मीटर वर नेते, चारेक मिनिटांत, आणि सगळ्यांना एकाच डब्यात उभं राहावं लागतं. तिथे याला पुढे जाता येणार नाही. वरून आलिवाच्या कुरणांमधून पायी उतरायची वाट आहे, तीही चांगली लांब. ती मी नकाशात शोधून ठेवली आहे. याला सांगितलेली नाही. सांगेन, वर पोचून मी चार वळणं उतरले की.