आईचं पोर्ट्रेट काढून घेतलं, माझा अनुभव

सोलापुरात कुणी आईवडिलांचं तैलचित्र काढून घेणार असेल तर हे आधी वाचा, मला अजून त्या प्रकाराची चीड येते. पेंटर ठरवणं, साइज, अ‍ॅडव्हान्स सगळं पटापट झालं. अडकलं ते चेहऱ्यावर.

आईनं पूर्व भागात उभा जन्म विड्या वळल्या. वय पंचाहत्तर, रंग सावळा. पहिल्यांदा काम बघायला गेले तर कॅनव्हासवर पन्नाशीची कुणी गोरी बाई बसलेली, कपाळ गुळगुळीत, गाल गुलाबी. म्हटलं ही कोण? तर म्हणाले, "ताई, सगळ्यांना असंच लागतं, सुरकुत्या दाखवल्या की घरचे नाराज होतात." परत समजावून आले, तर त्याच गुळगुळीत चेहऱ्यावर ब्राउन रेघा ओढून ठेवल्या. अहो, रेघा मारून वय दिसतंय होय? पापणीची कातडी खाली येते, ओठ पातळ होतात, दाढा गेल्या की गाल आत जातात, हे सगळं सावलीनं दाखवायचं असतं. आणि सावळ्या रंगात उजेडासाठी नुसता पांढरा मिसळत गेलं की चेहरा पीठ लावल्यासारखा दिसतो, तेही झालंच.

शेवटी मोबाइलवर चित्रंच दाखवली. डच चित्रकार रेम्ब्राँ 1669 मध्ये वारला, त्याच वर्षी 63 व्या वर्षी त्यानं स्वतःला रंगवलंय, सैल पडलेली कातडी, सुजट डोळे, काही लपवलेलं नाही. इटलीच्या घिरलांदायो या चित्रकाराचा 1490 च्या सुमाराचा म्हातारा बघा, नाकावर नुसत्या गाठी, पण नातू त्याच्याकडे असा बघतोय की तो आजोबा किती मायेचा असेल ते लगेच कळतं. उलट इंग्लंडची पहिली एलिझाबेथ साठी उलटल्यावरही चित्रांत तरुणच, कारण तिला मूलबाळ नव्हतं आणि राणी थकली असं दिसून चालणार नव्हतं. माझ्या आईला कुठलं राज्य सांभाळायचंय?

यावर ते गप्प बसले आणि चेहरा खरवडून नव्यानं घेतला. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

हां, फोटोचं राहिलं. मोबाइलचा ब्युटी मोड बंद करा, फ्लॅश नको, खिडकीशी बसवून बाजूच्या उजेडात काढा, आणि लांब उभं राहून झूम करा, जवळून काढला की नाक मोठं येतं. हात चित्रात घ्यायला सांगाच, पैसे वाढतात, वाढू देत. आईचं तर्जनीचं वाकलेलं पेर आणि तंबाखूनं पिवळी पडलेली नखं आलीत, आणि आईनं आधी हातच बघितले, चेहरा नंतर.

पूर्ण पैसे चेहरा पटल्याशिवाय देऊ नका. वॉर्निशची घाई करू नका, तैलरंग आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं, आमचं अजून व्हायचंय.